पाच लिटरचा गुंठा

मोजल्याशिवाय माझ्या व्याह्यांचा विश्वास बसेल अशी वस्तू परमेश्वराने अजून घडवलेली नाही, आणि उद्या घडवलीच तर तिचं माप परमेश्वराने सांगितलं म्हणून ते मान्य करणार नाहीत. दुधाच्या पिशवीवर 'अर्धा लिटर' असं छापलेलं असतं. जगातली बाकी माणसं ते वाचतात आणि चहा टाकतात. माझे व्याही पिशवी मापात ओततात, माप डोळ्यांच्या रेषेत धरतात, एक डोळा मिटतात आणि मग म्हणतात, "हाय बरूबर." त्या 'बरूबर'मध्ये समाधानापेक्षा निराशाच जास्त असते. आमच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे हे त्यांनी पहिल्याच भेटीत शोधून काढलं, स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने मागे केलं, आणि तेव्हापासून मला नगरची एकही बस वेळेवर मिळालेली नाही. सोयरीक झाल्यावर आमच्या मंडळींनी त्यांना मानाची टॉवेल-टोपी दिली, तेव्हाही टोपी डोक्यावर घालण्याआधी त्यांनी ती टेपने मोजली. ती अर्धा इंच मोठी निघाली. त्यांनी ती घातली, पण दिवसभर त्यांचा चेहरा फसवणूक झालेल्या माणसासारखा होता.

हा गृहस्थ भिंगारला लष्कराच्या मैदानावर माळी होता. फौजी नव्हे, नागरी नोकर. पण नोकरीभर साहेबांच्या बुटाखालचं गवत राखल्यामुळे चालणं-बोलणं मात्र हुकमाचं. गवतात तण उगवलं की त्यावर औषध फवारायचं, हे त्यांचं खास काम. तणनाशक ही चीज मोठी विचित्र आहे. कमी पडलं तर तण हसतं, जास्त पडलं तर गवत रडतं. जमिनीवर ते नेमकं किती पडणार हे तीन गोष्टींवर ठरतं: पंपाचं नोझल मिनिटाला किती सोडतं, फवाऱ्याचा पट्टा किती रुंद पडतो, आणि पंप पाठीवर घेतलेला माणूस कसा चालतो. पहिल्या दोन गोष्टी बाजारात विकत मिळतात. तिसरी मिळत नाही. माणूस हळू चालला की त्याच जागेवर औषध जास्त पडतं, झपझप चालला की कमी. "फौजी सरळ चालतो त्ये परेडमुळं," व्याही सांगतात, "मी सरळ चालतो त्ये पंपामुळं." एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. त्यात त्यांचे दहा पट्टे बसतात. एका पट्ट्याला वीस सेकंद. दहा पट्ट्यांत बरोबर पाच लिटर पाणी. "पाच लिटरचा गुंठा," असं ते म्हणतात, आणि ज्या सुरात म्हणतात त्या सुरात इतर लोक स्वतःच्या कुळाचं नाव सांगतात.

आता माझ्याविषयी. मी शाळेत गणित शिकवत होतो. काळ, काम आणि वेग हा माझा हातखंडा विषय. अमुक वेगाने निघालेली आगगाडी तमुक लांबीचा पूल किती वेळात ओलांडेल हे मी राहाता तालुक्यातल्या पोरांच्या दोन पिढ्यांकडून घोकून घेतलं. निवृत्त झाल्यावर मुलाच्या आग्रहावरून घरची पेरूची बाग काढली आणि रस्त्याकडेच्या त्या एकरभर जागेत लग्नाचं लॉन केलं. त्यासाठी पुण्याकडच्या एका नर्सरीतून पोती भरभरून हराळी विकत आणली. माझ्या वडिलांनी हयातभर ज्या हराळीच्या मुळ्या खणून बांधावर वाळत टाकल्या, तीच हराळी त्यांचा मुलगा टेम्पोने विकत आणतो आहे हे बघायला गावातली बरीच वडीलधारी मंडळी जमली होती. एकजण फक्त म्हणाला, "मास्तर, आमच्या बांधावरची फुकाट नेली असती तरी चाललं असतं."

हराळी रुजली आणि पाठोपाठ तिच्यात लव्हाळा आला. लव्हाळा उपटला की जमिनीतल्या गाठीतून दुप्पट येतो, हे ज्याने शेत केलं आहे त्याला सांगायला नको. दुकानदाराने औषध दिलं, जे लव्हाळा मारतं आणि हराळीला सोडतं. मी पेरूवर फवारायचा जुना बॅटरीचा पंप काढला, पेरूचंच नोझल ठेवलं, औषध अंदाजाने टाकलं, मोबाईल खांद्याने कानाशी दाबला आणि फवारत सुटलो. त्या दुपारी मला एकूण चार फोन आले. फोन आला की मी थांबत होतो. पंप थांबत नव्हता. दहा-बारा दिवसांनी हिरवळीवर चार गोल टकलं उमटली. तीन साधारण ताटाएवढी होती, आणि चौथं बैलगाडीच्या चाकाएवढं. तो फोन माझ्या थोरल्या बहिणीचा होता.

नेमक्या याच सुमारास माझ्या मुलासाठी भिंगारचं स्थळ आलं आणि मुलीचे वडील घर बघायला आले. बैठक बसली. पोहे झाले. आमचे पाहुणे मुलाचं शिक्षण, नोकरी, जमीन वगैरे सांगत होते आणि मुलीचे वडील खिडकीतून बाहेर बघत होते. मग ते उठले, बाहेर गेले, चपला काढून हिरवळीवर उतरले आणि चार टकलांच्या मधोमध उभे राहिले. मी मागोमाग गेलो.

"पाव्हणं," ते म्हणाले, "तुमच्या पंपाला मिनिटाला किती सुटतंय?"

तीस वर्षांच्या अध्यापनानंतर मी उत्तर दिलं, "भरपूर."

"भरपूर हे माप न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले. मला वाटलं, सोयरीक मोडली. पण आत येऊन त्यांनी एका वाक्यात होकार दिला. पुढे पुष्कळ दिवसांनी मी सूनबाईला विचारलं, की मुलात त्यांनी एवढं काय पाहिलं. ती म्हणाली, "तसं काही नाही, नाना. आप्पा घरी येऊन म्हणाले, पोरगा ठीक हाय, पन त्या गवताला कोनतरी पाह्यजेल."

अशा रीतीने आमच्या गवताला व्याही मिळाले. लग्नानंतर दर दोन-तीन महिन्यांनी ते भिंगारहून एसटीने यायचे, सोबत एक पत्र्याची डबी असायची आणि डबीत रुमालात गुंडाळलेली नोझलं. औषधाला हात लावण्याआधी दोन दिवस फक्त पाणी. आधी नोझल मापात धरून एक मिनिट पाणी सोडायचं: दीड लिटर भरलं पाहिजे. जास्त भरलं तर नोझल झिजलं, टाकून द्या. मग हिरवळीवर खुंट्या आणि सुतळीने गुंठा आखायचा, पंपात पाच लिटर साधं पाणी घ्यायचं आणि चालायचं. हे सगळं गवतावरच. मी एकदा फरशीवर करू म्हणालो, तर "फरशीवरची चाल गवतावर चालत न्हाई" असं उत्तर मिळालं. चालताना ते बोलत नाहीत, खोकत नाहीत. एकदा माझ्या सौभाग्यवतीने तीन वेळा "चहा झालाय" म्हणून हाक मारली आणि चौथ्यांदा ती घाबरून जवळ गेली. ते तिच्या अंगावरून, म्हणजे अंगाच्या बाजूने, पट्टा न सोडता निघून गेले. तिच्या साडीचा काठ एका रेषेत भिजला. काठाची ओल मोजली असती तर तीही बरोबर भरली असती.

त्यांनी मलाही शिकवायचा प्रयत्न केला. माझा पहिला गुंठा आठ लिटरचा झाला, दुसरा साडेचार लिटरचा, आणि तिसऱ्यात मी सुतळीत पाय अडकून पडलो. व्याह्यांनी मला उठवलं, पंप काढून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमी वळीव हाय. ह्या बांधावर पडतो, त्या बांधावर न्हाई." तेव्हापासून माझ्याकडे फक्त मापात पाणी भरून द्यायचं काम आलं. गणितातल्या माझ्या पदव्या पाहता हे पद मला शोभून दिसत होतं.

खत टाकायच्या चाकाच्या गाडीचा प्रकार आणखी निराळा. गाडीतली चकती फिरते आणि खताचे दाणे दोन्ही बाजूंना फेकते. पण मध्ये जास्त आणि कडेला कमी. किती कमी, हे बघायला व्याह्यांनी आमच्या कोठीतून जेवणावळीचे एकवीस द्रोण आणले, हिरवळीवर आडव्या रांगेत मांडले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या बुडाला चिखलाचा गोळा लावला आणि त्यांच्यावरून गाडी नेली. मग प्रत्येक द्रोणातले दाणे मसाल्याच्या काट्यावर तोलले. खत वाया जाऊ नये म्हणून मी रवा वापरायचं सुचवलं होतं. "रव्यानं माप घेतलं तर शिरा पडंल, मास्तर," ते म्हणाले. त्या वेळी फाटकाशी एक वधूपिता लॉन बघायला येऊन उभा होता. एकवीस द्रोण, समोर उकिडवा बसलेला म्हातारा आणि हातात काटा धरलेला मी, एवढं पाहून त्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "कोनाचं हाय?" त्याला ते पित्रांचं वाटलं होतं. या द्रोणांचा परिणाम असा झाला, की हल्ली व्याही लग्नात अक्षतांचंही निरीक्षण करतात. त्यांच्या मते पुढच्या दोन रांगांच्या अक्षता नवरानवरीच्या पुढ्यात पडतात, मागच्या सगळ्या पुढच्यांच्या डोक्यात, आणि जोडप्याच्या वाट्याला फक्त भटजींच्या अक्षता येतात.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, म्हणजे आपल्या डोंगराकडच्या अकोले तालुक्यातला. घरची भातशेती. लग्न आमच्याच लॉनवर करायचं हे न बोलताच ठरलेलं होतं. लग्नाला महिना उरला असताना व्याही मुक्कामाला आले, तर नेमका स्टेजसमोर तीन गुंठ्यांत लव्हाळा माजलेला. मी म्हणालो, "सतरंज्या टाकू की, कोण बघतंय." ते स्टेजच्या पायरीवर बसले आणि पहिल्यांदाच माझ्याशी गवताखेरीज काहीतरी बोलले, म्हणजे तेही गवतच होतं. "मास्तर, जल्मभर दुसऱ्याच्या बुटाखालचं गवत राखलं. आमची थोरली तुमच्यात आली तवा हितं चार टकलं हुती. आता धाकटी ह्याच्यावरनं चालत जानार. त्ये तेवढं बरूबर व्हाया पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गुंठा आखला. मी पाच लिटर भरून दिले. ते चालू लागले, आणि आठव्या पट्ट्याच्या शेवटी पंप कोरडा झाला.

दोन पट्टे उरले होते. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. व्याह्यांनी नोझल काढून मिनिटभर मापात धरलं. दीड लिटर. दुसरं नोझल लावलं. दीड लिटर. पंपाचा वायसर बदलला. बॅटरी रात्रभर चार्ज करून पुन्हा बघितलं. गुंठा टेपने मोजला, मग टेपच दुसऱ्या टेपने मोजली. माप खोटं असेल म्हणून सीलबंद लिटरच्या बाटल्या मागवून त्यात ओतल्या. सगळं बरोबर होतं, आणि पंप आठव्या पट्ट्यालाच संपत होता. असे दोन दिवस गेले. जेवताना ते घास हातात धरून थांबायचे आणि एकदम उठून वाल्व्ह बघायला जायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कडुनिंबाखाली बसून उगाच हातातल्या घड्याळाकडे बघत होतो आणि ते पट्टा चालत होते. पट्टा सुरू झाला, पट्टा संपला. पंचवीस सेकंद. पुढचा, पंचवीस. पुढचा, पंचवीस. आगगाडी आणि पूल दोन्ही माझ्यासमोर होते. पूल तेवढाच होता. साऱ्या जगाला माप लावणाऱ्या या माणसाने वीस सेकंद एकदा ठरल्यावर स्वतःच्या पावलाला पुन्हा कधी घड्याळ लावलं नव्हतं. कारण बाकी सगळं ज्याच्यावर मोजायचं, तेच त्यांचं पाऊल होतं.

हे त्यांना सांगायचं कसं? एक तर व्याही, त्यात मुलीचे वडील, त्यात घरात लग्न. व्याह्याला 'तुमचं वय झालं' असं म्हणायची रीत आमच्या घरात नाही; कुठल्याच घरात नसावी. मी रात्रभर विचार केला आणि एका गणिताच्या मास्तराला सुचू शकेल अशी सर्वांत मूर्ख युक्ती मला सुचली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाच लिटर भरताना मी गुपचूप एक तांब्या जास्त ओतला. सव्वा लिटरचा तांब्या. हिशोब मी आधीच करून ठेवला होता, आणि तो अचूक होता. माझ्या आयुष्यात तोंडी हिशोब एवढा अचूक आलेला मला आठवत नाही. पंप दहाव्या पट्ट्याच्या शेवटच्या खुंटीशी रिकामा झाला.

व्याह्यांनी नोझल बंद केलं. खुंटीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून हसले. "वायसर बसला आसंल," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी दोन वेळा भात मागून घेतला. माझ्या पुण्याईचं मला फार कौतुक वाटलं.

ते कौतुक दुपारी उतरलं. त्यांनी गमबूट, हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, पंधरा लिटर पाण्यात तीन गुंठ्यांचं औषध मोजून टाकलं आणि फवारायला लागले. पंधरा लिटर म्हणजे तीस पट्टे. पंप चोविसाव्या पट्ट्याला संपला. म्हणजे तीस पट्ट्यांचं औषध चोवीस पट्ट्यांत बसलं होतं, ऐन उन्हाळ्यात, तहानलेल्या हराळीवर. रिकामा पंप पाठीवर घेऊन ते तिथेच उभे राहिले. मी पळत गेलो. आता सांगायचं, असं ठरवूनच गेलो.

"सकाळी बरूबर आलं हुतं," ते म्हणाले. आवाज फडक्यातून येत होता.

"हो," मी म्हणालो.

"आन आता चुकलं. नोझल त्येच, पंप त्योच." थोडं थांबून म्हणाले, "मंजे मीच. सकाळी येक चाल, दुपारी दुसरी. पाय फसवाया लागलं, मास्तर."

या क्षणी तोंड उघडणं एवढंच माझं काम होतं. मी म्हणालो, "ऊन फार आहे, चहा घ्या."

आठवड्याभरात स्टेजसमोरचं गवत हळदीला बसवल्यासारखं पिवळं झालं. उरलेल्या सहा पट्ट्यांत त्यांनी पुन्हा पंप नेला नाही, त्यामुळे तिथला लव्हाळा तेवढा टवटवीत राहिला. सगळ्या मांडवात हिरवं म्हणावं असं तेच. मांडववाला हिरवा गालिचा घेऊन आला. व्याही म्हणाले, "झाकायचं न्हाई." लग्नाच्या दिवशी अकोल्याचे पाव्हणे जीपांतून उतरले आणि गळाभेट झाल्यावर, मानपान व्हायच्याही आधी, व्याह्यांनी नव्या व्याह्यांचा हात धरून त्यांना गवताशी नेलं. "ह्ये पिवळं दिसतंय त्ये माझ्यामुळं. माप चुकलं माझं. आधीच सांगतो."

अकोल्याचे पाव्हणे भातवाले. त्यांनी वाकून गवताची एक काडी उपटली, मूळ बघितलं आणि म्हणाले, "मूळ पांढरं हाय की. आमचा भातबी लावणीनंतर असाच रुसतो. यील वर." मग टोपी सारखी करून म्हणाले, "पोरीचा बाप गवताची माफी मागतोय, मंग पोरीची काळजीच न्हाई आमाला." सगळे हसले. मीही हसलो; हातात पेढ्याचा ट्रे होता, काहीतरी करायलाच हवं होतं. मुलगी त्या पिवळ्या गवतावरून चालत स्टेजवर गेली. व्याही तिच्याकडे बघत नव्हते. ते खाली, ती पाऊल ठेवेल तिथे बघत होते.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, मांडव उतरल्यावर, ते निघाले. पिशवी खांद्याला लावली, आणि ती पत्र्याची डबी माझ्यापुढे धरली. "ही ऱ्हाऊ द्या हितं. कोनतरी चांगला मानूस बघा पंपाला."

"तुम्ही आहात की."

"मी हळू चाललो आसतो तर गोस्ट येगळी," ते म्हणाले. "हळू मानसाला माप लावता येतं. पन येक सारखा न चालनारा मानूस..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्याकडे बघून करणार होते, पण व्याही असल्यामुळे थांबले असावेत.

मग मी सांगितलं. तांब्या, सव्वा लिटर, कडुनिंब, घड्याळ, पंचवीस सेकंद, सगळं. सांगताना मी शाळेतल्यासारखा उभा होतो, पण फळ्याच्या बाजूने नव्हे. सूनबाई ओसरीत उभी होती. ती आत निघून गेली.

"तांब्या मोजलावता?" व्याह्यांनी विचारलं.

"घरचा सव्वा लिटरचा आहे."

"कोन म्हनतं?"

"आमची ही."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. तांब्या मागवला, पाण्याने भरला, मापात ओतला, एक डोळा मिटला. तो सव्वा लिटरला जेमतेम एक घोट कमी होता. हे माप झाल्यावर मगच ते रागावले. रागावले म्हणजे एवढंच म्हणाले, "वळीव परवडला, मास्तर. त्यो निदान तांब्यानं वतत न्हाई." मग पंप काढायला लावला. मी पाच लिटर भरले. या वेळी ते माझ्या शेजारी उभे राहून बघत होते. गुंठा आखला. ते चालले. पंप आठव्या पट्ट्याच्या शेवटी संपला.

"त्या दोन्ही दिवशीबी आठच हुते?"

"आठच."

"नेमकं?"

"नेमके आठ."

ते खुंटीजवळ उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दुधाच्या पिशवीच्या वेळी कधी पाहिलं नव्हतं. "मंजे येकसारखंच चालतोय मी," ते म्हणाले. "हळू, पन येकसारखं." मग मला हातातलं घड्याळ बघायला लावून त्यांनी पट्टा पुन्हा चालून दाखवला. मी "पंचवीस" म्हणालो. त्यांनी डबी परत घेतली, रुमाल उलगडला, एक बारीक नोझल निवडून लावलं, मापात धरलं आणि मिनिटाला एक लिटर दोनशे मिली भरल्यावर पुन्हा गुंठा चालले. पाच लिटरचा गुंठा. त्या दिवशीची एसटी चुकली. पुढची मिळाली, कारण सूनबाईने तिचं घड्याळ वापरलं.

ते अजून येतात. हिरवळ कधीच सावरली. अकोल्याचे पाव्हणे सांगत होते तसंच झालं. पाणी भरण्याची नोकरी माझ्याकडेच आहे, फक्त आता तांब्या स्वयंपाकघरातून बाहेर यायला बंदी आहे. दर वेळी मी कडुनिंबाखाली घड्याळ धरून बसतो, ते चालतात, आणि खुंटीशी पोचल्यावर विचारतात, "किती?" मी जो असेल तो आकडा सांगतो. गेल्या दिवाळीनंतर तो अठ्ठावीस झाला. ते मान हलवतात, डबी उघडतात आणि आणखी बारीक नोझल लावतात.

मागच्या आठवड्यात मी राहात्याच्या दुकानात गेलो होतो. आता त्यांच्या पंपाला जे नोझल आहे, त्याहून बारीक येत नाही, असं दुकानदार म्हणाला. हे मी अजून व्याह्यांना सांगितलेलं नाही. नोझलांची सगळी यादी त्यांना पाठ आहे, तेव्हा त्यांना हे बहुधा माझ्या आधीपासून ठाऊक असणार. त्यांनीही मला सांगितलेलं नाही. दोघं मिळून गुंठा आखतो, मी पाणी भरतो, आणि ते गवतात उतरतात.